उन्हाळ्यातली बिअर

२००६ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या चँडलर या वाळवंटी गावात नवीनच आलो होतो. ऑफिसमधून परतताना किराणा घ्यायला थांबायचो, तेव्हा सत्तरीतले एक अमेरिकन गृहस्थ रोज बर्फाच्या दोन पिशव्या घेताना दिसायचे. एकदा पार्किंगमध्ये त्यांची गाडी सुरूच होईना. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी त्यांना घरी सोडलं आणि पिशव्या आत नेऊन दिल्या.

बर्फ बाथटबमध्ये ओतायचा होता. टबातल्या पाण्यात झाकण लावलेली एक मोठी बादली उभी होती. तिच्यात घरी केलेली बिअर आंबत होती. "तापली की बिघडते," असं म्हणत त्यांनी बादलीला हात लावून पाहिला, आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

"मग एवढ्या उन्हाळ्यात कशाला करता?" मी विचारलं.

त्यांनी पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. तिथे त्यांची बायको ऑक्सिजनची नळी लावून झोपली होती.

"सगळे म्हणतात, ऑक्टोबरपर्यंत थांब," ते हळूच म्हणाले. "तिला तेवढं थांबता येणार नाही."

पुढे दोनेक आठवड्यांनी ते दिसेनासे झाले. एकदम सप्टेंबरमध्ये त्याच दुकानात भेटले. बिअर कशी झाली, असं मी विचारलं.

"चमचाभर घेतली तिने. म्हणाली, कडू आहे." ते हसले. "चाळीस वर्षं दर वेळी हेच म्हणायची."

त्या 'म्हणायची'पाशी मी अडखळलो. त्यांनीच माझ्या खांद्यावर थोपटलं.