डोंगरापल्याड पोचवायचा भोपळा

कोल्हापूरहून निघताना आमच्या ह्यांनी पायरीवर उभं राहून विचारलं, "गुडघे बरोबर नेतेयस की इथेच ठेवून जातेयस?" डहाणूला माझी नणंद राहते, ती आठवडाभर डोंगर फिरवणार म्हणून मी नवे बूट घेतले होते आणि त्या बुटांच्या जोरावर माझी छाती चार इंच पुढे आली होती.

वन्सं वयाने माझ्याहून मोठ्या आणि चालायला दुप्पट. लग्नानंतर बरीच वर्षं आमचं विळ्या-भोपळ्याचं नातं होतं. पुढे दोघींचेही दात पडायला लागले आणि चावाचावी आपोआप थांबली. आता त्या एकट्या असतात, मी एखाद्या वर्षी जाते, आणि आम्ही जेवताना एकमेकींच्या आमटीला नावं ठेवून सुखाने राहतो.

पहिल्या सकाळी त्यांनी मला चिखल्याच्या किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या झाडांतून वारा येत होता, ओहोटीने वाळू लांबवर उघडी पडली होती. बूट खराब होऊ नयेत म्हणून ते काढून मी वाळूत ठेवले आणि घोलवडच्या दिशेने चालत सुटले. परत येते तो बूट गायब. मासळी वाळत घालणारी एक बाई पाण्यात गुडघाभर उभी होती, हातात माझा एक बूट.

"ताई, भरती येते. बुटांना पोहायला सोडलं काय?"

दुसरा बूटही तिनेच शोधून दिला. वन्सं वाळूवर बसून हसत होत्या, त्यांना हसण्यातून उठवायला मला हात द्यावा लागला. घरी जाताना एका वाडीच्या फाटकाशी चिकू घेतले. इतके पिकलेले, की पिशवी घरी पोचेपर्यंत अर्धी झाली आणि माझी बोटं एकमेकांना चिकटली.

दुसऱ्या दिवशी कोसबाडची टेकडी. चढ फार नाही, पण ओलसर बुटांनी मला प्रत्येक पावलाला 'चुईक' असा आवाज दिला. वर पोचलं की एका बाजूला समुद्राची करडी रेघ दिसते आणि दुसऱ्या बाजूला तलासरीकडचे डोंगर. मधल्या खाचरांत भात कापून झालं होतं, पेंढ्याचा गोडसर वास वरपर्यंत येत होता. मला तिथून हलावंसं वाटेना. वन्संना मात्र खाली काकड्या घ्यायच्या होत्या.

काकड्या विकणाऱ्या जानकीबाई वन्संच्या ओळखीच्या. चिकूच्या वाडीत कामाला जातात आणि दारच्या मांडवावरची भाजी विकतात. उद्या आम्ही तलासरीकडचा डोंगर ओलांडणार हे वन्संनी सहज सांगितलं. जानकीबाई तशाच घरात गेल्या आणि चुलीवरच्या धुरात वाळवलेला एक भोपळा घेऊन आल्या. हातभर लांब, मान बारीक, पोट गोल. हलवला की आत बिया खुळखुळत.

"तिकडं जाता ना? मग ह्यो माझ्या भावाला द्या. लखमाला."

इथे डोंगर ओलांडणारा माणूस मोकळ्या हाताने जात नाही, हे मला वन्संनी तेव्हा सांगितलं. कोणी बियाणं देतं, कोणी निरोप, कोणी पायाला दोरी बांधलेली कोंबडी. नाही म्हणायची पद्धत नाही.

लखमा त्यांच्या पाड्यावर (वस्तीवर) तारपा वाजवतो. तारपा म्हणजे भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा जोडून केलेलं फुंकायचं वाद्य. त्याच्या तारप्याचा भोपळा पावसाळ्यात उंदरांनी कुरतडला होता. नळ्या तयार, कर्णा तयार, भोपळा तेवढा नाही. आणि उद्या संध्याकाळी नव्या भाताचा नाच.

"तुम्हीच का नाही नेत?" मी विचारलं.

"मी येन सांजेला टेम्पोत. पण त्याला जोडायला दुपार लागते ना. भोपळा नाय तर तारपा नाय. तारपा नाय तर नाच नाय."

"मोबाइलवर लावायचं की एखादं गाणं."

जानकीबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वन्संनी काकड्यांत तोंड घातलं. "मोबाइल फुडं चालतो का? तारपावाला फुडं चालतो, तो वळतो तिकडं आमी वळतो. त्याला कोणी पाठ नाय दाखवत. मोबाइलला काय, पाठच दाखवायची."

भोपळा मी घेतला. वन्सं म्हणाल्या होत्या, मी नेते. पण कोल्हापूरची माणसं ओझं दुसऱ्याला देत नाहीत, असं काहीतरी मी बोलून गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेअर रिक्षाने डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. भोपळा टॉवेलात गुंडाळून मी तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. वाट सुरुवातीला सागांमधून जाते. सुकलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. नागली (नाचणी) कापलेल्या उतारावर दोन बायका भेटल्या, त्यांनी टॉवेलाकडे बघून विचारलं, "लखमाचा काय?" म्हणजे बातमी आमच्या आधी डोंगर चढली होती! त्यातल्या एकीने मला बजावलं, "हळू जा, फुडं गवत सरकतं."

मी म्हटलं, आम्ही पन्हाळा चढून मोठे झालोय.

पुढच्याच वळणावर माझ्या भ्रमाचा भोपळा फुटला. वाळलेल्या गवतावरून पाय गेला आणि मी बसल्या बसल्या खाली निघाले. चष्मा एकीकडे, पाण्याची बाटली दरीत, नवे बूट आकाशाकडे. हात मात्र दोन्ही वर, आणि हातांत भोपळा. एका करवंदीच्या जाळीने मला अडवलं. वन्सं धापा टाकत आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा : "भोपळा बराय ना?"

"मीही बरी आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय," म्हणत त्यांनी माझ्या पदरातले काटे काढले.

पाड्यावर पोचलो तेव्हा लखमा अंगणात नळ्या मांडून आमचीच वाट पाहत होता. पन्नाशीचा, सडपातळ, हसरा. त्याची बायको सोमी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. लखमाने भोपळा घेतला, बोटाने ठोकला, कानाशी धरला. पुन्हा ठोकला. मग उन्हाकडे धरून अंगठ्याने एका जागी चाचपलं आणि त्याचं हसू थांबलं.

"चीर गेलेय," तो म्हणाला.

अंगणाच्या कडेला माणसं उभी होती, जवळ पेंढ्याचे भारे बसायला मांडून ठेवले होते. "मी पडले वाटेत," मी म्हटलं. "माझ्यामुळं झालं." इतकी शरम मला बऱ्याच दिवसांत वाटली नव्हती.

"तुमी पडल्या आणि ह्यो एवढाच चिरला?" सोमी तव्यावरून म्हणाली. "मग चांगल्या पडल्या."

अंगण हसलं. लखमा मात्र हसला नाही. सगळ्या नळ्या बसवून, फुंकून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. आम्हाला जेवायला बसवलं. भाकरी, उडदाचं वरण, सुक्या बोंबलाची झणझणीत चटणी. मला बोंबील फार आवडतात, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष अंगणात होतं. लखमाने भोपळ्याला भोकं पाडली, बिया एका पानावर काढल्या, मेण चुलीजवळ धरून मऊ केलं आणि नळ्यांच्या सांध्यांत भरलं. मग तेच मेण चिरेवरून अंगठ्याने हळूहळू ओढलं. वन्सं दर दोन घासांना मला म्हणत, "जेव गं."

त्याने फुंकलं. 'फुस्स' असा आवाज झाला.

लखमाने मेण काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा फुस्स. उन्हं उतरायला लागली. खालून टेम्पोचा आवाज आला, जानकीबाई उतरल्या, अंगणात येऊन त्यांनी भावाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला भोपळ्यात शिरून लपावंसं वाटलं.

तिसऱ्या वेळी लखमाने चिरेवर अंगठा दाबून धरला, गाल फुगवले, आणि तो आवाज आला. जाडसर, थरथरता, डोंगराच्या पोटातून आल्यासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते चुलीच्या धुरावर ढकललं. जानकीबाईंनी माझा हात धरून मला सरळ नाचाच्या रांगेत ओढलं.

"माझे गुडघे..." मी म्हटलं.

"ते पन येतील," त्या म्हणाल्या.

एकमेकींच्या कमरेला हात, पाय एका ठेक्यात, आणि पुढे लखमा. तो वळला की अख्खी रांग वळायची. माझा पाय सारखा चुकत होता, वन्संचा एकदाही नाही. पण आमचे सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे होते आणि त्याचा अंगठा त्या चिरेवर होता.

शेवटची एसटी चुकली असती तर अवघड झालं असतं. आम्हाला मध्येच निघावं लागलं. रांगेतून सुटले आणि सवयीने वळणार, तेवढ्यात थांबले. मग तशीच, तोंड तारप्याकडे ठेवून, मागे मागे चालायला लागले. वन्संनी बघितलं आणि त्याही तशाच निघाल्या. दोन म्हाताऱ्या उलट्या पावलांनी डोंगर उतरतात हे बघून पाडाभर हशा पिकला. सोमी ओरडली, "वाट मागं हाय, बाया! पडाल!" आंब्याच्या झाडापर्यंत आम्ही तशाच गेलो. नंतर लखमा दिसेनासा झाला, आवाज मात्र एसटीच्या थांब्यापर्यंत येत राहिला.

परतीच्या दिवशी वन्सं डहाणू स्टेशनवर सोडायला आल्या. चिकू, बोंबील, आणि कागदात बांधलेल्या त्या भोपळ्याच्या बिया त्यांनी माझ्या पिशवीत कोंबल्या, माझ्या आमटीत गूळ जास्त असतो हेही सांगितलं. दर खेपेला मी गाडीत चढते, सामान लावते आणि गाडीच्या दिशेला तोंड करून बसते, उलट बसलं की मला मळमळतं. दार बंद व्हायच्या आतच माझं लक्ष घरी लागलेलं असतं.

या वेळी मी समोरच्या माणसाला विनंती केली आणि त्याच्या जागेवर उलटी बसले. गाडी सुटली. फलाटावर वन्सं उभ्या होत्या, पदर डोक्यावर घेतलेल्या, एक हात वर. फलाट संपेपर्यंत त्या मला दिसत होत्या. इतकी वर्षं त्या अशाच उभ्या राहत असणार.

मळमळलं थोडं. बोरिवली येईपर्यंत मी जागा बदलली नाही.