बापूंचा ड्रायव्हर

बापू कुठल्याही दुकानात गेले की किंमत शेवटी विचारत. पहिला प्रश्न ठरलेला: "हे लिनक्सवर चालतं का?" सुरतेतला दुकानदार गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. तो गुजरातीत म्हणे, "चालशे काका, चालशे." मग बापू सदऱ्याच्या खिशातून पेनड्राइव्ह काढत. "लावून दाखवा." पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात तर ते पायरी चढताना दिसले की मालक जेवायला निघून जाई, मग सकाळचे अकरा का वाजलेले असेनात. परतताना बापू मला सांगत, "सर, 'चालशे'चा अहिराणीत एकच अर्थ. नै चालस."

माझा स्वभाव 'चालशे'चा. पालिकेच्या मराठी शाळेत मी बावीस वर्षं मराठी शिकवतो आहे. माझ्या वर्गातल्या फळ्याचा उजवा कोपरा उन्हामुळे दिसत नाही. मी डावीकडे लिहितो.

बापू अमळनेरकडचे, सातवी पास, आयुष्यभर लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, फिटर. भरतकामाची यंत्रं संगणकावर आली तेव्हा ते संगणकही शिकले. शाळेसमोरच्या गल्लीत राहत. एकदा घंटा दुरुस्त करायला म्हणून आत आले आणि चादरीखाली झाकलेले अकरा जुने संगणक त्यांच्या नजरेस पडले. महिन्याभरात त्यांनी सगळ्यांवर लिनक्स चढवलं. ही संगणक चालवणारी प्रणाली कोणा एकाच्या मालकीची नाही आणि जुन्या यंत्रालाही धाप लागू देत नाही, एवढं मला समजलं. मुलं मराठीत टाइप करू लागली. पण देणगीत आलेला प्रिंटर लिनक्सला ओळख देईना. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मुलांचं लिहिलेलं कागदावर येत नसेल तर खोली अडवून काय उपयोग? पुढच्या दिवाळीपर्यंत वाट बघते. नाहीतर हे डबे भंगारात."

बापू म्हणाले, ड्रायव्हर पाहिजे. मला वाटलं, भंगार न्यायला टेम्पो सांगताहेत. तेव्हा त्यांनी मला खात्याच्या भाषेत समजावलं. "शेठ काठेवाडी, कारागीर खानदेशी. मधे दोघांची बोली जाणणारा मुकादम लागतो. तोच ड्रायव्हर. प्रिंटरची बोली कंपनीलाच ठाऊक, मग मुकादम तिनंच द्यायचा. भीक नै मागत आपण. प्रिंटर विकला ना तिनं?"

कंपनीला पत्र मी लिहायचं ठरलं, कारण माझं इंग्रजी शिकलेलं. मी दोन दिवस घेतले. विषयाच्या ओळीत 'लिनक्स' हा शब्द मला कुरूप वाटला, काढून टाकला. आमची शाळा योग्य ड्रायव्हरच्या दीर्घकाळ प्रतीक्षेत आहे, आपल्या कृपेचे आम्ही जन्मभर ऋणी राहू, अशा अर्थाची वाक्यं मी घोटून घोटून लिहिली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: आपला अर्ज नोंदवून घेतला आहे, सध्या चालकाची जागा रिकामी नाही.

शिक्षकांच्या खोलीत चार दिवस हसणं चाललं. बापू हसले नाहीत. पत्र हातात घेऊन म्हणाले, "त्यांची काय चूक? हे वाचून मीबी तुम्हाला गाडी धुवायला ठेवलं असतं." मग त्यांनी मला पत्र लिहायला शिकवलं. काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. तीन ओळी, यंत्राचा नंबर, खाली नाव. 'कृपया' एकदाच. मी निबंधाचे मार्क देणारा माणूस. माझे सात मसुदे त्यांनी परत केले.

दर महिन्याला एक पत्र जात राहिलं. नवरात्रात कंपनीच्या एका इंजिनिअरचं उत्तर आलं. त्याने ड्रायव्हर लिहिला होता, पण तो जुना प्रिंटर आता त्यांच्याकडेच नव्हता. तुम्ही तपासून सांगाल का? तोवर बापूंना श्वासाच्या त्रासाने इस्पितळात ठेवलं होतं. ते फोनवरून सांगत आणि मी टाइप करी.

"आता स्पेस द्या."

मी एस, पी, ए, सी, ई अशी पाच अक्षरं दाबली.

पलीकडे खोकल्याची लांब उबळ आली. ते हसत होते हे मला उशिरा कळलं. "सर, मोकळी जागा. ती लांब पट्टी. काहीच लिहायचं नै."

तासाभराने प्रिंटर गुरगुरला आणि एका मुलीचा निबंध बाहेर आला. तो कागद घेऊन मी रिक्षाने इस्पितळात गेलो. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. बापूंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "पहिल्या ओळीच्या मात्रा कापल्या जाताहेत. कळवलं?"

"बापू, दिवाळी पंधरा दिवसांवर आली. बाईंना दाखवण्यापुरतं हे चालेल."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "सर, मराठी तुम्ही शिकवता."

त्याच संध्याकाळी मी तीन ओळी लिहून पाठवल्या. दुसऱ्या मसुद्याची गरज पडली नाही. चौथ्या दिवशी पहाटे बापू गेले. सुधारलेला ड्रायव्हर त्यानंतर आठवड्याने आला. पहिली ओळ मात्रांसकट छापली गेली. बाईंनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "राहू द्या संगणक." मी 'हो बाई' म्हणालो आणि बाहेर पाणपोईवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिलो.

इंजिनिअरने पत्राच्या शेवटी एक विचारलं होतं. अशा कामात दोष कळवणाऱ्याचं नाव ड्रायव्हरसोबत नोंदवतात; पूर्ण नाव काय लिहू? मी लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला बापूंचं पूर्ण नाव माहीत नाही. वर्षभराच्या पत्रांखाली शाळेच्या वतीने माझंच नाव होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. बापूंच्या पत्नी, माई, एकट्याच होत्या. नाव विचारल्यावर त्या गोंधळल्या. "मी कसं लेऊ त्यासनं नाव?" लग्नानंतर त्यांनी ते कधी उच्चारलंच नव्हतं. कशाला हवं, म्हणाल्या. मी सांगितलं, जगात कुठेही हा प्रिंटर लिनक्सवर चालवला की तो बापूंच्या कामावर चालेल, आणि तिथे त्यांचं नाव असेल.

"कोनी पुसाव नै ना ते?"

"नाही माई. कोणी पुसून टाकत नाही."

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, भिंतीकडे पाहिलं आणि नाव घेतलं. आधी त्यांचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी म्हणालो, "माई, परत एकदा सांगा."