सहावे बोट

मत्स्यरूपाने जळात वावरलेल्या श्रीहरीला वंदन करून, काल शेजारी झालेल्या बारशाच्या निमित्ताने हे लिहीत आहे.

कसबा बावड्यातले आमचे हे शेजारी प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मी पूजेची फुले तोडत असलो की ते हौदावरचा बेडूक तळहातावर घेऊन कुंपणाशी येत आणि त्याची बोटे हळुवार पसरून दाखवत. "मोजा की, शास्त्रीबुवा. पुढं चार, मागं पाच. पाण्यातल्या जिवांना पहिल्यांदा पाय फुटले तवा आठ-आठ हुती. पाचाचं एवढं कौतुक न्हाय." त्या चेष्टेतही मला सृष्टीचे स्तोत्रच ऐकू येई.

काल त्यांच्या नातीला पाळण्यात घातले, तेव्हा तिचा उजवा हात कापडी पिशवीत बांधलेला होता. त्या हाताला सहा बोटे आहेत. सुनेने गाठ सोडायला घेतली, तसे ते खेकसले, "ऱ्हाऊ दे. पावणं बघत्यात."

"मामंजी, बेडकाची उघडून दावता की. हिची का झाकायची?"

वाकून त्यांनी गाठ अधिकच आवळली. पोर रडू लागली, तसा बायकांनी पाळणागीताचा आवाज चढवला. बेडकालाही त्यांनी इतके घट्ट कधी धरले नव्हते.

वाचकहो, तुमच्या घरी जन्मणारा प्रत्येक हात उघडा राहो, आणि घरातले वडीलधारे तो सर्वांआधी आपल्या हाती घेवोत.