वापरून बघा

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात त्याला सगळे प्रगतिपुस्तक म्हणायचे. खरं नाव पगारापुरतं उरलं होतं. आठवडाभरात काय बनवलं, काय अडलं, हे तो दर शुक्रवारी ऑफिसच्या ऑनलाइन फलकावर लिहायचा, सगळ्या कर्मचाऱ्यांना दिसेल असं. काम झाकून करू नका, होता होता दाखवत जा, असं साहेब एकदा बोलले होते. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विसरले. यानं मनावर घेतलं.

पण वाचतो कोण? डॉक्टरांना वेळ नाही, हिशेबवाल्यांना गोडी नाही, घरी बायकोनं केव्हाच हात टेकलेले. एकटी ॲम्ब्युलन्सच्या फोनवर बसणारी ताई वाचायची आणि खाली लिहायची, 'छान चाललंय, दादा.' तेवढ्यावर हा गडी पुढचा आठवडा रेटायचा. कौतुकाला हपापलेल्या माणसाचं भान सुटतं, आणि हा तर वर्षानुवर्षं उपाशी होता.

त्या शुक्रवारी त्यानं दोन्ही इमारतींतल्या रिकाम्या खाटा दाखवणारं नवं पान फलकावर टाकलं. त्यातले आकडे अजून खोटेच होते, नुसते जागा भरायला त्यानंच बसवलेले. तसं त्यानं लिहिलंही, पण पार तळाशी. वर मात्र ऐटीत लिहिलं, 'तयार होत आलंय. वापरून बघा.'

ताईनं वापरलं. धाप लागलेल्या एका म्हाताऱ्याला तिनं लांबच्या इमारतीकडे पाठवलं, कारण पानावर तिथं खाट रिकामी दिसत होती. तिथं खाट नव्हती. परत आणताना म्हातारा वाटेतच गेला.

चौकशी बसली. आधी साहेबांनी त्याला आत बोलावून हळूच विचारलं, ती 'वापरून बघा'ची ओळ अजून आहे का तिथं? जागेवर येऊन त्यानं ओळ पुसली. हात थरथरला वगैरे नाही. असल्या कामाला हात कधीच थरथरत नाही.

ताईचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, हे चौकशीच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पान वापरायला कुणाला सांगितलं होतं का, असं त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मग सगळे ताईकडे वळले. पुसलेली ओळ शोधून काढणं त्याच्या विभागात कुणालाही जमलं असतं. तिनं फक्त हट्ट धरायला हवा होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं.

"वापरून बघा, असं वाचल्याचं आठवतंय मला," ती म्हणाली. "पण दादा नाही म्हणतायत म्हणजे नसेल. त्यांचं सगळं वाचते मी, साहेब. ते खोटं लिहीत नाहीत. मीच घाईत चुकीचं वाचलं असणार."

जबाबावर सही करायला तिच्याजवळ पेन नव्हतं. त्यानं आपलं पुढे केलं.