सगळ्यांनाच उणे वीस

चार माणसं आणि एक कॉम्प्युटर एका खोलीत ठेवला की किस्से साचतात. आमच्याकडे तर ते इतके साचलेत की कामाला जागा उरलेली नाही.

श्रीवर्धनला सुपारीच्या गोदामावर आमचं ऑफिस. एका जेट्टीसाठी आम्ही कंट्रोल बॉक्स बनवत होतो. गाड्या फेरीबोटीत चढतात तो लोखंडी रॅम्प त्या बॉक्सने खाली-वर होणार. रॅम्पखाली दोर धरून माणसं उभी असतात. म्हणून लाल बटण दाबलं की रॅम्प त्याच क्षणी थांबलाच पाहिजे. त्याच बॉक्सवर कॅमेरा, अनाउन्समेंट आणि आमच्या साहेबांचा आकडेवारी दाखवणारा डॅशबोर्डही चालतो. प्रोसेसर एकच, तोही जुना.

कुठल्या प्रोग्रामला किती ताटकळत ठेवायचं, हे प्रोसेसरवर पाळ्या लावणाऱ्या शेड्यूलरला आकड्याने सांगायचं. उणे वीस म्हणजे याला थांबवू नको. अधिक एकोणीस म्हणजे याला घाई नाही. उणे वीस फक्त बटणाला द्या, बाकीचे थांबतील. एवढी साधी गोष्ट मी वर्षभर सांगतोय!

* * *

म्हात्रेसाहेब ट्रकच्या धंद्यातून इकडे आलेले. बटण महत्त्वाचं हे त्यांना मनापासून पटलं, म्हणून मी रजेवर असताना त्यांनी स्वतः बसून बटणाला सर्वात मोठा आकडा दिला. अधिक एकोणीस.

पहिल्या चाचणीत बटण दाबलं. आधी "कृपया सावकाश उतरा" हे पूर्ण ऐकू आलं, मग रॅम्प थांबला. हातभर पुढे जाऊन. नशीब, खाली त्या दिवशी फक्त एक रिकामा ड्रम होता. ड्रम चपटा झाला.

* * *

कॅमेरा नझनीनकडे. तिने गुपचूप कॅमेऱ्याला उणे वीस दिले. मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी प्रोसेसरचा जास्त वेळ मागितलाच नाही. वेळ तेवढाच, फक्त नंबर आधी लावलाय."

तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. म्हणूनच डोकं जास्त फिरलं.

* * *

अनाउन्समेंटवाला रूपेश हे ऐकत होता. दुपारपर्यंत त्याचंही उणे वीस! मी सकाळी आकडा सुधारायचो, जेवून येईपर्यंत पुन्हा उणे वीस. आठवडाभर मला वाटलं मीच सेव्ह करायला विसरतोय. बायकोलाही तसं सांगितलं, तिला आश्चर्य वाटलं नाही.

शेवटी सापडलं. दर दहा मिनिटांनी आकडा जागेवर आणणारी स्क्रिप्ट रूपेशने लिहून ठेवली होती. त्या स्क्रिप्टलाही उणे वीस दिले होते.

* * *

भांडण साहेबांकडे गेलं. त्यांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि निकाल दिला की ऑफिसात भेदभाव नको, सगळ्यांनाच उणे वीस द्या. डॅशबोर्डलाही.

आठवड्याने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "सगळ्यांना घाईत घेतलं, तरी काहीच फरक कसा नाही?"

मी राजीनाम्याचा मजकूर मनात दोनदा लिहिला. मग आकडे सुधारले, पासवर्ड घातला, आणि तो पासवर्ड फक्त आम्हा चौघांनाच ठेवला. मला तिघांनाही नाही म्हणता आलं नाही, हा माझा गाढवपणा.

* * *

शेवटच्या चाचणीला आम्ही चौघेही जेट्टीवर. रॅम्प चालवणारा बाळूदादा. रोज रॅम्पखाली त्याचा सख्खा भाऊ दोर धरून उभा असतो. बाळूदादाने हो म्हटलं तरच बॉक्स बसणार होता.

साहेबांनी त्याला छान समजावलं. आता एकदम सेफ, बटण दाबताक्षणी थांबणार. बाळूदादाने सगळं ऐकलं, बटणावर अंगठा ठेवला आणि रॅम्पखालच्या ओल्या फरशीकडे बोट दाखवलं.

"मंग आज माजा भाव बाजूला बसंल. तुमी चौघंबी खाली उभं ऱ्हावा. मी रॅम्प सोडतो आन् बटन दाबतो."

साहेबांनी पाच मिनिटं मागितली.

नझनीनने लॅपटॉप उघडला. रूपेशने उघडला. साहेबांनी गाडीतून स्वतःचा आणवला.

तिघं आपापलं उणे वीस काढत होते, ते टायपिंग मी थोडा वेळ ऐकलं. मग माझा उघडला.