उघडा चाकू घेऊन जावेच्या दारात

"बाई, आधी तो चाकू खाली ठेवा, मंग तोंड उघडा!"

"नाही ठेवत!"

"मंग बंद तरी करा!"

"बंदही नाही करत! काय करशीन?"

लावलेल्या दाराआड माझी धाकटी जाऊ कौसाबाई. बाहेर उन्हात मी. माझ्या हातात चार बोटं पात्याचा, नवाकोरा, लखलखीत चाकू. आणि माझ्या पाठीमागे अर्धं गाव.

हसू नका. म्हणजे हसायचं तेव्हा हसा, पण आधी नीट ऐकून घ्या. माझ्या हातून जन्मात फार चुका झालेल्या नाहीत. ज्या झाल्या त्या बहुतेक दुसऱ्यांच्या होत्या. पण हा घोटाळा मात्र अस्सल माझा, त्यात कोणाचा वाटा नाही. तो दुसऱ्या कोणी मीठ-मसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

मी चाकूशिवाय घराबाहेर पडत नाही. कमरेच्या बटव्यात तंबाखू नसेल एक वेळ, पण चाकू असतो. आमच्याकडे शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं घेतात. तिथे दिवसभर सुतळी काप, ठिबकची नळी काप, पोत्याचं तोंड उघड, दुपारी भाकरीबरोबर कांदा चीर. माणसं चाकू शोधत हिंडतात आणि शेवटी माझ्याकडे येतात. तेव्हा चाकूची पारख मला आहे, हे पंचक्रोशीत कोणालाही विचारा.

फक्त कौसाला विचारू नका.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी तिला एक घडीचा चाकू मीच निवडून दिला होता. "डोळे झाकून वापर," म्हणाले होते. ती नळी कापायला बसली, जोर दिला, आणि पातं उलटं फिरून तिच्याच बोटावर मिटलं. तीन टाके पडले. दवाखान्यातून येताना ती एवढंच म्हणाली, "बाई, चाकू दगाबाज निघाला." आणि मी काय म्हणाले? "चाकू चांगलाच हाय, तुले धरता येत नाही!"

झालं. दोन वर्षं बोलणं बंद. एका बोअरवर पाणी भरतो आम्ही. ती आली की मी मागे फिरायचे, मी दिसले की ती हंडा तसाच ठेवून निघून जायची. आता खोटं कशाला बोलू? तो चाकू वाईटच होता. उघडल्यावर पातं जागच्या जागी धरून ठेवणारं त्यात काहीच नव्हतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं, नाही का? एका वर्षाच्या अंतराने आम्ही दोघी एका घरात नवऱ्या होऊन आलो. माझं पहिलं लेकरू तिच्या हातावर जन्मलं. तिच्याशिवाय दोन वर्षं कशी काढली, ते माझं मला ठाऊक.

माफी मागणं मला जमत नाही. चाकू निवडणं जमतं. मग ठरवलं की कौसाला असा चाकू नेऊन द्यायचा, की तिने न बोलता घ्यावा आणि न बोलता समजून जावं.

या खेपेला मात्र मी अभ्यास केला. शाळेची पायरी मी चढलेली नाही. खताच्या पोत्यावरची अक्षरं बघून वाचायला शिकले, त्यामुळे 'आई' लिहिता येण्याआधी मला 'युरिया' लिहिता येत होतं. तशीच आता मोबाईलवर चाकूंची विद्या शिकले. दोन महिने! नातसून म्हणायची, "आजी, सिरियल लावा." मी म्हणायचे, "थांब, पोलाद चाललंय." पातं उघडलं की मुठीतली पत्र्याची पट्टी सरकून त्याच्या बुडाशी कशी बसते, मग वरून हत्ती बसला तरी पातं कसं मागे येत नाही, सगळं पाठ.

आणि गेले साखरखेर्ड्याच्या बाजाराला. तिथे सलीमभाईचं दुकान. दुकान म्हणजे जमिनीवर ताडपत्री, त्यावर विळे, अडकित्ते, कात्र्या आणि चाकूंची रांग. त्याच्या बापाकडूनही मी चाकू घेतलेले आहेत.

"सलीमभाई, खटक्याचा दाखव. उघडल्यावर अडकला पाहिजे."

तो एकेक उघडून देऊ लागला आणि मी एकेक नापास करू लागले. एकाचं पातं वीतभर. "हे काय नाटकात घेऊन नाचाचं हाय?" एकाच्या पात्याचं टोक धरून हलवलं तर सांध्यात खुळखुळ. "याचे दात आत्ताच हालू राह्यले!" एकाची मूठ गुळगुळीत, काचेसारखी. मी शेजारच्या भज्याच्या गाड्यावरून तळहाताला तेल लावून आले आणि धरून पाहिली. सटकली. परत! एकाचं पोलाद इतकं कडक, की आमच्या घरच्या दगडावर त्याला धार लागायला पुढचा जन्म उजाडला असता.

बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली. मग काय, माझ्या अंगात आलं. मी सगळ्यांना शिकवायलाच बसले. धार बोटाने बघू नका, टमाट्यावर बघा. न दाबता सालीत शिरली तर खरी. मूठ ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताला सगळ्याच मुठी चांगल्या. शेवटी एक चाकू सगळ्यात पास झाला. त्याचा खटका तपासायला मी पात्याची पाठ सलीमभाईच्या लोखंडी वजनावर पाच वेळा खाडखाड आपटली.

"अम्मा, लेना हय के तोडना हय?"

"पाहू दे! जावेले द्याचा हाय. हा दगा देईन तर माहं नाक जाईन."

नाही मागे आलं पातं. एक तसूभरही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तेव्हा ती माझ्या लक्षात आली नव्हती. प्रत्येक चाकू मी उघडा हातात घेत होते आणि उघडाच परत देत होते. बंद तो करायचा. मी भाषणात होते.

चाकू बंद करून माझ्या हाती देताना सलीमभाई म्हणाला, "अम्मा, एक डाव बंद कसा कराचा ते पाहून घ्या, यात ते पट्टी..."

"मले शिकवतं काय बे? तुह्या बापाच्या ताडपत्रीवर चाकू पारखले म्या!"

बिचाऱ्याने निमूट पैसे मोजून घेतले. माणसं हसली. मी बटवा कमरेला खोचून ऐटीत ऑटोत जाऊन बसले.

ऑटोत समोर एक बाई, मांडीवर लेकरू, पायाशी कोंबड्यांची पाटी, वर जाळी बांधलेली. तिला पाटी दुसरीकडे सरकवायची होती, पण सुतळीची गाठ काही सुटेना. ती दाताने ओढायला वाकली. माझ्या बटव्यात एवढा नामी चाकू असताना? मी काढला, अंगठ्याने खट्ट उघडला आणि सुतळी अशी कापली की लोण्यातून सुरी!

"वा आजी! काय धार हाय!"

मी मान डोलावली आणि चाकू बंद करायला गेले.

होईना.

दाबलं. होईना. गुडघ्यावर ठेवून दाबलं. होईना. एखादं बटण असेल म्हणून मूठ चहूबाजूंनी चाचपली. बटण कुठलं? आजवरचे माझे चाकू नुसते दाबले की मिटायचे. अहो, मोबाईलवर तो माणूस पातं उघडताना दहा वेळा दाखवायचा. वरून, खालून, हळूहळू. बंद करताना मात्र त्याचा अंगठा आडवा यायचा आणि पातं गुडूप! ती पट्टी अडकते कशी, हे मी झोपेत सांगितलं असतं. सुटते कशी, हा धडा मी बघितलाच नव्हता.

"आजी, ठेवा ना तो आता. लेकरू हाय मांडीवर."

"थांब वं. कापल्यावर पात्याले जरा हवा लागू द्या लागते. नाहीतर आतून घाम धरते ते."

हे मी म्हणाले! बाजूला एक पागोटेवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबर हाय. आमच्या घरी कोणी हे पाळतच नाही." त्या माणसाने घरी जाऊन सगळे विळे-चाकू ओसरीवर वाळत घातले असतील, तर त्याचं पाप माझ्या डोक्यावर.

फाट्यावर उतरले. उघडा चाकू बटव्यात मावेना, हातात धरायची सोय नाही. मग पदरात गुंडाळला. चार पावलं गेले नाही तोच टोक पदर फाडून बाहेर. माझी निवड, धार तर असणारच! पुन्हा गुंडाळला, पुन्हा फाडला. आधी घरी जावं असं एकदा मनात आलं. पण घरी नातसून. तिने बघितलं असतं तर दोन महिन्यांच्या विद्येची वरात निघाली असती. शिवाय कौसाचं घर आधी लागतं, आणि पाऊल एकदा मागे फिरलं की माझं मन पुन्हा लवकर पुढे येत नाही. म्हटलं, असाच उघडा देऊ. बंद करेल तिची ती.

वाटेत ओट्यावर प्रल्हाद बसलेला. हा गावाचा रेडिओ, त्याला सेल लागत नाहीत.

"काय मावशी, इकडं कुठं?"

"कौसाकडं."

"आज? दोन वर्षानं?"

"हाव. लई दिवसाचं राह्यलं होतं, आज तिले देऊनच टाकते."

मी म्हणत होते चाकूबद्दल. पण त्याची नजर गेली पदरातून बाहेर आलेल्या टोकावर. त्याचं तोंड पांढरं पडलं. चपला तिथेच टाकून तो बोळातून असा पळाला, की मला वाटलं याला विंचू चावला. मी आपली सरळ रस्त्याने चालत कौसाच्या दारात पोचले, तर आतून कडी लागल्याचा आवाज. प्रल्हाद माझ्याआधी पोचून ओरडून गेला होता. "कौसाबाई, दार लावा! मोठी बाई चाकू घेऊन येऊ राह्यली!"

तिथून पुढे तुम्ही सुरुवातीला ऐकलं ते भांडण.

आता सांगा, खाली कसा ठेवू? उघडा चाकू खाली ठेवला की कोणीतरी उचलणार, सगळ्यांसमोर खटकन बंद करणार, आणि म्हणणार, "हे एवढंच?" आणि बंद तर मला करता येत नव्हता. मग उरलं काय? जोरात ओरडणं. ते मला चांगलं येतं.

तेवढ्यात पोलीस पाटील आला. लहानपणी त्याचा शेंबूड मी पुसलाय. पण आज तो लांब उभा राहून, वासराला चुचकारावं तसा बोलत होता.

"मावशी, चाकू माह्याजोळ द्या."

"काऊन देऊ? माहा हाय!"

"बरं, राहू द्या. फक्त बंद करा. एवढं ऐका माहं."

"नाही करत म्हटलं ना!"

"पण काऊन?"

"माही मर्जी!"

गर्दीतून "अरे बापरे" असा आवाज आला. बायकांनी लेकरं आत घेतली. कोणीतरी म्हणालं, "बुढीचं आज काही खरं दिसत नाही." पाटलाने खिशातून फोन काढला. "मावशी, मंग मले ठाण्यात सांगा लागीन. माह्या हातात राहणार नाही."

आणि खिडकीची एक फळी उघडली. गजांच्या मागे कौसा. तिने तो बोटाचा वण गजातून बाहेर काढून सगळ्या गावाला दाखवला.

"पाहा! हे एक डाव कापलं. तवा म्या तक्रार केली का हो कोणाजोळ? चाकू दगाबाज निघाला, एवढंच म्हटलं. त्याच्यापायी हे बाई दोन वर्षं बोलली नाही, आन् आज चाकू घेऊन आली! माहं चुकलं तरी काय, बाई? सांगा ना!"

शेवटी तिचा आवाज फुटला. मी जरा पुढे झाले, तर तिने झटकन गज सोडला.

मला तिच्या शिव्या चालल्या असत्या. तिने वरून पाणी ओतलं असतं तरी मी निथळत भांडले असते. पण ही बाई मला भीत होती! साप निघाला की जी मला हाताला धरून मागे ओढायची, ती माझ्यापासून मागे सरकत होती.

पाटलाने फोन कानाला लावला.

मी पायरी चढले. मागे कोणीतरी किंचाळलं. मी खिडकीपाशी गेले आणि चाकू उलटा धरून मूठ गजातून आत सरकवली. हळू बोलायचं ठरवलं होतं मी, अगदी तिला एकटीला ऐकू जाईल असं. पण सत्तर वर्षं ओरडून बोललेल्या बाईला हळू बोलता येतं होय? ते सगळ्या गावाने ऐकलं, फोनवर पलीकडच्या ठाणेदारानेही ऐकलं असेल:

"कौसे, तुह्यासाठी आणला वं हा, पण मले मेला बंदच करता येत नाही!"