गेले म्हणजे कुठे गेले?

क्षितिजाने मालनताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या फोनवर कुणाला तरी मांडी घालून बसायला सांगत होत्या.

“बसलात? हात न टेकता? आता उठा बघू. खुर्ची सरकल्याचा आवाज आला मला. धरा हो, धरायला ना नाही, पण धरली तर धरली म्हणून सांगा.”

समोरच्या जाड वहीत त्यांनी एक ओळ लिहिली आणि मग कुठे दारात उभ्या असलेल्या या नव्या डॉक्टरकडे पाहून मान हलवली.

परळच्या त्या रुग्णालयात दोन हजार सहा ते आठ या काळात दोनशे चाळीस माणसांचे गुडघे बदलले होते. निम्म्यांना साध्या घडणीचा सांधा बसवला, निम्म्यांना जास्त वाकणारा. जास्त वाकणारा सांधा तेव्हा नवीन होता. आपल्याकडच्या जमिनीवर बसणाऱ्या माणसांसाठी तो चांगला, असं त्याचं कौतुक व्हायचं. पण तो टिकतो किती, त्याने माणूस खरंच खाली बसतो का, हे कळायला वर्षं जावी लागतात. ती वर्षं मोजायचं काम मालनताईंचं. दरवर्षी प्रत्येकाला फोन करायचा आणि वहीत लिहायचं. दुखतं का, असं त्या कधी विचारत नसत. “दुखतं का विचारलं की माणसं ठीक आहे म्हणतात,” असं त्यांचं म्हणणं. त्या विचारत, आज भाजी कुठे बसून निवडलीत.

पंधरा वर्षांची फेरी पूर्ण झाली आणि सगळ्या वह्या संगणकात भरायचं काम क्षितिजाकडे आलं. महिनाभर बसून तिने ते मन लावून केलं. तक्ता विभागप्रमुख रमाकांत सरांसमोर ठेवला तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर गेला. गिरगाव-दादरकडची माणसं वयाच्या मानाने मरावीत तेवढीच मेली होती. परळ, लालबाग, कॉटन ग्रीनकडची मात्र निम्मी मेलेली.

सरांनी मालनताईंना बोलावलं. गुडघा बदलल्याने लालबागची माणसं मरतात आणि गिरगावची जगतात, असं मी कुठल्या तोंडाने छापू, असं त्यांनी विचारलं. नोंदी विश्वासाच्या नसतील तर वही बंद करू, मालनताईंना दुसऱ्या विभागात काम देऊ, असंही म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. मालनताई एवढंच म्हणाल्या, “वहीत चूक नाही सर.” जागेवर येऊन त्यांनी डबा उघडला आणि न खाता मिटला. क्षितिजाला त्यांच्याकडे बघवेना.

चौथ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात एक ताठ म्हातारा आला. नाव रघुनाथ, वय एकोणऐंशी, एके काळी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, सांभाळलेले. सगळे त्यांना रघुमामा म्हणत. नातीच्या साखरपुड्याला मुंबईत आले होते, म्हटलं जाता जाता गुडघा दाखवू. क्षितिजाने त्यांच्या केसपेपरचा नंबर संगणकात टाकला. पडद्यावर उमटलं : मृत, दोन हजार अठरा.

तिने पुन्हा नंबर टाकला. पुन्हा मृत. तेवढ्यात मालनताई आल्या आणि म्हणाल्या, “अगो बाई, रघुमामा! कधी आलात?”

“ताई, हे तर…” क्षितिजाने पडदा वळवला. “तुमच्या वहीत आहे. दोन हजार अठरा, गेले.”

“हो मग, गेलेच ना.”

“कुठे गेले?”

“कुठे म्हणजे? देवगडला.”

क्षितिजाने पडद्यावरचा शब्द पुन्हा वाचला. तिच्या घरी आजोबा गेले, मनूकाका गेले. मेलं हा शब्द तिच्याकडे माणसांसाठी कुणी वापरतच नसे. चार पिढ्या गिरगावात काढलेल्या त्या घराला जायला दुसरं गावही नव्हतं. आणि मालनताईंच्या भोईवाड्यात गिरणी सुटली, खोली मुलाला दिली की माणूस जातो तो गावी. कुठे, हे सांगायचीही गरज नसते.

“मग मेलेल्यांना काय लिहिता तुम्ही?”

“वारले,” मालनताई म्हणाल्या. त्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं.

रघुमामांना सगळं कळलं तेव्हा ते उभे राहिले. “मी मेलंय? मगे ह्या गुडघ्यार उभो कोण रवलो?” आणि दोन्ही हात वर करून ते तिथेच उकिडवे बसले. रांगेतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

क्षितिजा तडक सरांच्या खोलीत गेली. चूक वहीची नाही, माझी आहे, म्हणाली. “गेले” असं लिहिलेली सदतीस माणसं तिने एका महिन्यात मारली होती. सर खांदे हलेपर्यंत हसले. पण मग गंभीरपणे त्यांनी हिशोब समजावला. अहवाल महिनाअखेर द्यायचा आहे. त्या सदतीसांतली निदान पंचवीस माणसं सापडली तर तो उभा राहील, नाहीतर वही बंद. त्यांचे मुंबईचे नंबर तर केव्हाच बंद पडले होते.

बाहेर येताना क्षितिजाच्या मनात आलं : ही माणसं गावी शेतात उतरतात, चढ चढतात, जमिनीवर जेवतात. दोनशे चाळिसांत ज्यांचे गुडघे सर्वांत जास्त वापरले गेले, नेमके तेच आपण काढून टाकले होते.

“गावं लिहिलीत तुम्ही?” तिने विचारलं.

“पहिल्या पानावर. सगळ्यांची.”

रविवारी मालनताई तिला घेऊन लालबागच्या एका चाळीतल्या खोलीत गेल्या. कोकणातल्या पुष्कळ गावांच्या मंडळांच्या अशा खोल्या तिथे आहेत. ही रघुमामांच्या गावची. सेक्रेटरी वैभव बँकेत नोकरीला होता. त्याने यादी पाहिली, मोबाइल काढला आणि गावच्या ग्रुपवर आवाज टाकला, की डॉक्टर बाई गुडघे बघायला बसल्यात, ज्यांचे बदललेत त्यांनी व्हिडिओ कॉल करा. शेजारच्या गावांच्या मंडळांनाही कळवलं.

दहा मिनिटं काहीच नाही. मग पहिला फोन आला, आणि पाठोपाठ रांगच लागली. क्षितिजा केसपेपरचा नंबर विचारत होती, मालनताई वहीत बोट फिरवून नाव उच्चारत होत्या, आणि प्रत्येक नावाला खोलीत जमलेली मंडळाची माणसं “जिता असा!” म्हणून गलका करत होती. कुणी आंब्याच्या कलमाखाली बसून दाखवलं, कुणी पायऱ्या चढून. बेबीताई नावाची बाई फोन भिंतीला टेकवून अडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर बसली आणि बोलता बोलता आख्खा नारळ खवून मोकळी झाली.

“बेबीताई, कुठला सांधा हो तुमचा?” वैभवने विचारलं.

“माका काय ठाऊक? माझो असा.”

मालनताईंनी वही पाहिली आणि क्षितिजाच्या कानात सांगितलं : साधा. क्षितिजाने दोनदा विचारून खात्री केली.

संध्याकाळपर्यंत एकोणीस झाली. उरलेल्या गावांची मंडळं मालनताईंनी आठवडाभर पालथी घातली. एक दुकानदार फोन घेऊन तीन वाड्या फिरला. पंचविसावा माणूस कणकवलीच्या एसटी स्टँडवर सापडला तेव्हा मालनताईंनी विभागाच्या दारातून क्षितिजाला नुसता हात उंचावून पंजा दाखवला आणि पुन्हा फोनला कान लावला. शेवटी एकतीस सापडली. चार खरोखरच वारली होती, दोघांचा पत्ता लागला नाही.

निकाल आला तो असा. त्या दोनशे चाळिसांत दोन्ही घडणींचे सांधे जवळपास सारखेच टिकले होते. पुन्हा बदलावे लागले ते मोजकेच, आणि दोन्हीकडे तितकेच. जास्त वाकणारा थोडाच जास्त वाकत होता. जमिनीवर कोण बसतं, हे सांध्यापेक्षा शस्त्रक्रियेआधी तो गुडघा किती वाकत होता यावर ठरत होतं. क्षितिजाने तो आकडा तीनदा काढून पाहिला आणि तिन्ही वेळा धावत जाऊन मालनताईंना सांगितला. अहवालावर सरांनी दुसरं नाव मालनताईंचं घातलं.

वही चालू राहिली. मालनताईंना निवृत्तीनंतर दर वर्षी एक वर्षाची मुदतवाढ मिळते. सध्या त्या वीस वर्षांच्या फेरीचे फोन करतात. एकशे बारा माणसं झाली आहेत.